अणूचा हिशेब मागणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

गणपती ही विद्येची देवता. त्यामुळे उत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या विद्वानाची आठवण निघणे हे ओघानेच येते. संतांवर, समाजसुधारकांवर, नाटककारांवर आणि गवयांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. यंदा मी एका गणित्याविषयी लिहायचे ठरवले. हा माणूस आपल्या घाटाखालच्या गोव्यात जन्मला, अमेरिकेत शिकला, पुण्यात राहिला आणि मुंबईत नोकरीला जात राहिला. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव म्हणून त्यांना ओळखणारे आपल्यात आहेत. प्राचीन भारताचा इतिहास नव्या पद्धतीने लिहिणारे म्हणूनही काहींनी त्यांचे नाव ऐकले असेल. पण त्यांच्या आयुष्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. आपल्या देशाने वीज कशापासून करावी, अणूपासून की सूर्यापासून, आणि दोहोंचा खरा खर्च किती, हा प्रश्न त्यांनी 1957 पासून जाहीरपणे विचारला. त्या काळी असा प्रश्न विचारणे सोपे नव्हते. आज आपल्या खानापूरच्या जंगलापलीकडे, कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी कैग्याचा अणुवीज प्रकल्प चालू आहे. तिकडे कोकणात जैतापूरची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. तेव्हा हा प्रश्न पुन्हा वाचण्यासारखा आहे.

दामोदरपंतांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वडील धर्मानंद ज्ञानाच्या ओढीने तरुणपणीच घर सोडून निघालेले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असा प्रवास करत त्यांनी पाली भाषा आणि बौद्ध धर्म आत्मसात केला. शालेय शिक्षणाचा आधार नसलेला हा माणूस पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला आणि अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ग्रंथ संपादनासाठी अनेकदा बोलावले. बाळाबाई ही त्यांची पत्नी. नवरा वर्षानुवर्षे बाहेर असताना या माउलीने मुलांना कसे वाढवले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या थोरल्या पिढीला सहज करता येईल.

दामोदरपंतांचे पहिले शिक्षण पुण्यात झाले. 1918 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते वडिलांबरोबर अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठाशेजारच्या केंब्रिज गावातील शाळेत शिकले आणि पुढे हार्वर्डमध्येच दाखल झाले. गणित हा मुख्य विषय. पण एकाच विषयात डोके घालून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. भाषा, इतिहास, विज्ञान असे जे मिळेल ते शिकत राहिले. 1929 साली सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन ते भारतात परतले.

काशीचे हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ, आणि 1933 पासून पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज अशी त्यांची नोकरी झाली. 1931 साली नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फर्ग्युसनमध्ये ते बारा वर्षे गणित शिकवत होते. त्यांच्या संशोधनाला 1934 साली रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. 1944 च्या सुमारास त्यांनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र मांडले. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्यासाठी ते सूत्र आजही जगभर वापरले जाते आणि त्याला कोसंबींचेच नाव आहे. शेतीच्या विद्यापीठात शिकलेल्या कुणाही मुलाला विचारा, त्याने ते नाव पुस्तकात वाचलेले असते. फक्त हे कोसंबी आपल्या शेजारचे, हे त्याला ठाऊक नसते.

त्यांची काम करण्याची रीत कळण्यासाठी नाण्यांचे एक उदाहरण पुरेसे आहे. तक्षशिलेला चांदीच्या प्राचीन नाण्यांचे साठे सापडले होते. त्यावर ठसे होते, पण राजांची नावे नव्हती. कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे? कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते आणि वजन कमी होते, हा त्यांचा साधा विचार. आधी त्यांनी चालू व्यवहारातली हजारो नाणी वजन करून झिजेचा वेग तपासला, मग तोच नियम जुन्या नाण्यांना लावला. नाण्यावर राजाचे नाव नसले तरी वजनाने कालक्रम सांगितला. कुणाच्या शब्दावर न विसंबता वस्तू काट्यावर ठेवायची आणि मग बोलायचे, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

इतिहासातही त्यांनी हेच केले. राजांच्या यादीपेक्षा लोक काय पिकवत होते, कोणत्या वाटेने जात होते, कोणत्या हत्याराने काम करत होते, हे त्यांना महत्त्वाचे वाटे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी पायांखाली घातल्या. अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारे वेचली. म्हसोबा, वेताळ, गावोगावच्या आया यांच्या ठाण्यांची नोंद केली. पंढरीच्या पालख्या ज्या वाटांनी जातात त्या वाटा फार प्राचीन, गुरे घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या काळापासूनच्या असाव्यात, असे त्यांनी दाखवण्याचा प्रयत्न केला. आपल्या भागातून दरसाल वारीला जाणाऱ्यांना हे वाचून नवल वाटेल. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी शुद्ध पाठ सिद्ध केला. 1956 साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा मोठा ग्रंथ आला आणि त्या शास्त्राची दिशाच बदलली. राजकीय विचाराने ते मार्क्सवादी होते. पण पक्षाच्या शिस्तीत बसणारे नव्हते. पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांनाही त्यांनी सोडले नाही. जीभ तिखट होती, आणि त्यामुळे मित्रांपेक्षा दुखावलेले लोकच अधिक झाले.

आता अणूच्या विषयाकडे येऊ. 1945 साली होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. दोघे जवळजवळ समवयस्क, दोघे परदेशात नावाजलेले, दोघांनाही देशात उत्तम विज्ञान रुजवायचे होते. सुरुवातीला दोघांचे चांगले जमले. संस्था मुंबईत आणि कोसंबींचे घर पुण्यात, म्हणून ते डेक्कन क्वीनने जाऊ-येऊ लागले. सकाळी जाणे, संध्याकाळी परतणे. त्यांचे कितीतरी वाचन-लेखन त्या गाडीत झाले.

त्याच काळात भाभांवर देशाच्या अणुकार्यक्रमाची जबाबदारी आली. 1948 साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, 1954 साली स्वतंत्र खाते झाले आणि ते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आले. 1955 साली जिनिव्हाला अणूच्या शांततामय वापरावर जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. आशियातील ती पहिलीच मानली जाते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला याचा केवढा अभिमान वाटला असेल! अणूपासून वीज इतकी होईल की दारिद्र्य हटेल, अशी हवा जगभर होती. अशा वेळी त्याच वर्तुळातल्या एका प्राध्यापकाने उठून जमाखर्च मागितला.

1957 साली कोसंबींनी अमेरिकेतल्या एका मासिकात सूर्य की अणू अशा अर्थाचा लेख लिहिला. 25 जुलै 1960 रोजी पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी भारतासाठी अणुऊर्जा या विषयावर भाषण केले. 1964 साली सूर्यशक्तीवर पुन्हा लिहिले. या सगळ्यांचा मथितार्थ मी माझ्या शब्दांत देतो.

पहिला मुद्दा खर्चाचा. अणुवीज स्वस्त आहे असे ज्या देशांत सांगितले जात होते, तिथे तोच कारखाना बाँबसाठी प्लुटोनियमही तयार करत होता. इंग्लंडचे कॅल्डर हॉल 1956 साली सुरू झाले ते याच पद्धतीचे. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा लष्कराच्या खात्यावर टाकायचा आणि वीज स्वस्त म्हणायची. ज्या देशाला बाँब नको आहे त्याने हा भाव खरा धरून चालू नये, असे कोसंबींचे म्हणणे. त्यात अणुवीजकेंद्राला भांडवल एकदम आणि प्रचंड लागते. गरीब देशाने ते तिथे गुंतवले तर दुसरीकडची कामे अडतात.

मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस. त्यामुळे हा मुद्दा मला लगेच पटला. आमच्याकडे कोणतेही काम निघाले की आधी एस्टिमेट होते. त्यात सिमेंट, लोखंड, मजुरी सगळे धरतात. पुढची देखभाल बहुधा तोकडी धरतात. आणि ती इमारत तीस-चाळीस वर्षांनी पाडायची वेळ आली तर तो खर्च कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतो. साधा पूल असेल तर निभावून जाते. अणुभट्टीचे तसे नाही. ती बंद केल्यावरही तिच्यावर अनेक वर्षे पहारा ठेवावा लागतो आणि तिचा सांगाडा उतरवणे हेच एक मोठे बांधकाम असते.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याचा परिणाम पुढच्या पिढीतही उतरू शकतो. कोसंबी स्वतः आनुवंशशास्त्रात काम केलेले असल्यामुळे त्यांना याची विशेष जाण होती. अणुचाचण्यांच्या धुळीविरुद्ध ते जागतिक शांतता चळवळीत बोलत राहिले. ते लिहीत होते त्याच 1957 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये विंडस्केल इथल्या अणुभट्टीला आग लागली आणि आसपासच्या सुमारे 500 चौरस किलोमीटर टापूतले दूध काही आठवडे ओतून टाकावे लागले. त्याच्या आदल्याच महिन्यात रशियात उरल पर्वताजवळ किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला. तो जगाला जवळजवळ वीस वर्षे कळू दिला गेला नाही. या गुप्ततेतच खरी अडचण आहे. जिथे हिशेबाची वही उघडत नाहीत, तिथे धोका किती हे सामान्य माणसाने ठरवायचे कसे?

तिसरा मुद्दा कचऱ्याचा. चुलीतली राख आपण भांडी घासायला घेतो, परसात टाकतो. अणूची राख तशी टाकता येत नाही. तिच्यातले काही पदार्थ तीस वर्षांत अर्ध्यावर येतात, जसे सीझियम आणि स्ट्राँशियम. पण प्लुटोनियमचे अर्धायुष्य सुमारे 24 हजार वर्षे आहे. इतक्या वर्षांत किती राज्ये आली-गेली असती, याचा विचार करा. आपल्या बेळगावचा किल्ला आठशे वर्षांचा म्हणून आपण कौतुकाने दाखवतो. त्याच्या तीसपट काळ लोटल्यावर तो कचरा निम्मा होणार. विजेचे सुख एका पिढीने घ्यायचे आणि राखणीचे काम हजार पिढ्यांच्या माथी मारायचे, हा व्यवहार कोसंबींना हिशेबात बसत नव्हता.

नुसता विरोध करून ते थांबले नाहीत, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. त्यांनी वर बोट दाखवले. आपल्या देशात वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असते. ते आयात करावे लागत नाही, त्याला परवाना लागत नाही आणि ते प्रत्येक खेड्यात आपोआप पोचते. मोठ्या केंद्रातली वीज तारांनी दूरवर न्यावी लागते आणि वाटेत गळते. ऊन जिथे पडते तिथेच वापरता येते. पाणी तापवणे, अन्न शिजवणे, विहिरीचे पाणी उपसणे ही खेड्यातली कामे उन्हावर झाली, तर जळणासाठी जंगल तुटणार नाही आणि शेण चुलीत न जाता शेतात जाईल. जंगल वाचले की माती वाचेल. त्यांचा विचार विजेपुरता नव्हता, चूल-शेत-रान असा सगळा एकत्र होता. आणि संशोधन म्हणजे चार निबंध आणि परदेशच्या परिषदा नव्हेत, ते लोकांच्या घरात पोचले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हे ते ज्या भाषेत बोलत, ती अर्थातच मऊ नव्हती.

1962 साली टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. सोळा-सतरा वर्षांची नोकरी संपली. याचे सारे कारण अणुऊर्जेवरची टीका हेच होते, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. 1959 च्या सुमारास त्यांनी गणितातल्या एका अतिशय अवघड कोड्यावर, रीमानच्या सिद्धांतावर, काम प्रसिद्ध केले. ते टिकले नाही आणि गणितज्ञांमध्ये त्यांचे वजन कमी झाले. इतिहासाला ते फार वेळ देतात, अशीही तक्रार होती. भाभांशी संबंध बिघडलेले होते. पण देशाच्या अणुकार्यक्रमाचे जे प्रमुख, तेच या संस्थेचे संचालक, हे लक्षात घेतले तर कोसंबी कोणत्या खुर्चीत बसून काय बोलत होते, ते कळते. पगार ज्या घरातून येतो त्याच घराच्या जमाखर्चावर बोलणे किती अवघड असते, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

भाभांना मात्र खलनायक करण्याचे कारण नाही. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांमधून हजारो शास्त्रज्ञ तयार झाले. देशाकडे कोळसा मर्यादित, तेल त्याहून कमी, आणि केरळच्या वाळूत थोरियम भरपूर. तेव्हा लांबचा विचार करून अणूकडे वळले पाहिजे, हे त्यांचे गणितही बिनबुडाचे नव्हते. दोघांनाही देशातला अंधार घालवायचा होता. फरक एवढाच की एकाने मोठ्या भट्टीवर भरवसा ठेवला, दुसऱ्याने उन्हावर.

नोकरी सुटल्यावर कोसंबी पुण्यातच राहिले. काही काळाने, 1964 साली, त्यांना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने मानद शास्त्रज्ञ म्हणून घेतले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसू लागले. संधिवाताने त्यांना छळले होते, पण टेकड्यांवरची भटकंती सुटली नाही. 1965 साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला.

1966 हे वर्ष विचित्र निघाले. 24 जानेवारीला होमी भाभा यांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ते गेले. पाच महिन्यांनी, 29 जूनला, कोसंबी पुण्यात झोपेतच गेले. वय एकोणसाठ पुरे व्हायचे होते. दोघांचा वाद अर्ध्यावर राहिला. मृत्यूनंतर काही वर्षांनी कोसंबींना हरि ओम आश्रमाचे पारितोषिक मिळाले आणि 2008 साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांची कन्या मीरा कोसंबी यांनी समाजशास्त्रात मोठे काम केले आणि आजोबांचे, धर्मानंदांचे, लेखनही इंग्रजी वाचकांपर्यंत नेले.

आता साठ वर्षांनी हिशेब काय दिसतो? 1980 पर्यंत देशात 8 हजार मेगावॅट अणुवीज होईल, असा आयोगाचा अंदाज होता. प्रत्यक्षात 1980 साली तारापूर आणि राजस्थान मिळून जेमतेम सहाशे मेगावॅटची क्षमता होती. आजही देशातल्या एकूण विजेत अणूचा वाटा शंभरात तीनच्या आसपास आहे. तारापूरच्या भट्ट्या 1969 साली अमेरिकेच्या मदतीने सुरू झाल्या, पण 1974 च्या पोखरण स्फोटानंतर त्यांच्या इंधनाचा पुरवठा अडकला आणि दुसऱ्यांच्या दारात जावे लागले. जैतापूरला ज्या जातीच्या फ्रेंच भट्ट्या आणायच्या आहेत, तशीच एक फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिल इथे 2007 साली बांधायला घेतली. तेव्हा खर्च सुमारे 330 कोटी युरो धरला होता. ती 2024 च्या अखेरीस वीज देऊ लागली तोवर तो 1,300 कोटींच्या आसपास गेला. हे फ्रान्सचे झाले, जिथे देशाची बहुतेक वीज अणूपासूनच होते.

सुरक्षेचे म्हणाल तर 1986 साली चेर्नोबिल आणि 2011 साली फुकुशिमा झाले. फुकुशिमात दीड लाखाहून अधिक माणसांना घर सोडावे लागले. आपल्याकडे त्या तोडीचे काही झाले नाही, ही समाधानाची गोष्ट. पण कैग्यात 1994 च्या मे महिन्यात बांधकाम चालू असताना एका भट्टीच्या घुमटाचा आतला थर कोसळला आणि कामगार जखमी झाले. आत इंधन नव्हते म्हणून निभावले. 2009 च्या नोव्हेंबरात तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये किरणोत्सारी ट्रिटियम सापडले आणि ते पाणी प्यायलेल्या कर्मचाऱ्यांवर उपचार करावे लागले. कैग्याला विरोध करणाऱ्यांत कन्नडचे थोर साहित्यिक शिवराम कारंत होते. म्हातारपणी, 1989 साली, ते या प्रश्नावर लोकसभेला उभे राहिले आणि पडले. कोसंबी आणि कारंत यांची भाषा वेगळी, विचारसरणी वेगळी. पण प्रश्न एकच होता.

कचऱ्याचे उत्तर अजून अपुरे आहे. आपला देश वापरलेले इंधन पुन्हा शुद्ध करून घेतो आणि उरलेला जहाल भाग काचेत मिसळून गोठवतो. ही पद्धत चांगली आहे आणि त्यामुळे कचऱ्याचे आकारमान कमी होते. पण तो कायमचा पुरायचा कुठे, हे ठरलेले नाही. 2012 साली आपल्याच राज्यातल्या कोलारच्या बंद सोन्याच्या खाणींचे नाव निघाले, तिथले लोक लगेच रस्त्यावर आले आणि सरकारला तसा बेत नसल्याचे सांगावे लागले. वीज सगळ्यांना हवी, राख कुणालाच नको.

दुसरी बाजूही वहीत लिहिली पाहिजे. कैग्याची पहिली भट्टी 2018 साली सलग 962 दिवस न थांबता चालली आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. तिथे काम करणाऱ्या माणसांचे हे कौशल्य आहे. कोळशाच्या धुराने दरसाल जे आजार होतात आणि हवा तापते, ते अणुकेंद्रात होत नाही. सूर्य रात्री नसतो आणि आपल्या आषाढ-श्रावणात तर आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही. त्या वेळी वीज कुठून आणायची, याचे पुरते उत्तर कोसंबींच्या लेखांत नाही. त्यांच्या काळी उन्हापासून वीज करणारे घट इतके महाग होते की ते खेड्यात पोचतील असे कुणी म्हटले नसते.

ते मात्र पोचले. 2025 च्या सुरुवातीला देशातली सौर विजेची क्षमता 1 लाख मेगावॅटच्या पुढे गेली. तुमकूर जिल्ह्यात पावगड इथे 2 हजार मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. आणि एवढे लांब कशाला, आपल्या कॅम्पातून टिळकवाडी-शहापूरपर्यंत गच्च्यांवर नजर टाका. पूर्वी पहाटे अंगणात तांब्याचा बंब पेटायचा, लाकडे फोडून ठेवावी लागायची. आज कितीतरी घरांत आंघोळीचे पाणी उन्हावर तापते. पाणी तापवणे हे काम उन्हावर सोपवा, असे कोसंबी सांगत होते त्याला आता साठ वर्षे उलटून गेली.

कोसंबी प्रत्येक गोष्टीत बरोबर होते, असे मला म्हणायचे नाही. अणुवीज असावी की नसावी, यावर आपल्या वाचकांतही दोन मते असतील. माझे म्हणणे एवढेच, की असावी म्हणणाऱ्यानेही तीन रकाने भरून दाखवावेत: बांधण्यापासून मोडण्यापर्यंतचा खर्च, अपघात झाला तर भरपाई कोणाची, आणि राख कुणाच्या दारात. नसावी म्हणणाऱ्यानेही पावसाळ्यातल्या रात्रीच्या विजेचा रकाना कोरा सोडू नये.

आपल्याकडे उत्सव संपला की वर्गणीचा जमाखर्च होतो. मंडपाचा खर्च किती, विजेचे बिल किती, शिल्लक किती, हे सगळे सभासदांपुढे ठेवले जाते. पन्नास रुपये वर्गणी देणाराही उठून विचारू शकतो आणि त्याचा कुणाला राग येत नाही, कारण काम सगळ्यांचे आहे. कोसंबींनी देशाच्या कामात तेवढाच हक्क मागितला. त्यांचा तराजू आज आपल्या हातात आहे. कैग्याचे असो, जैतापूरचे असो की गच्चीवरच्या पाट्यांचे, कोणतेही एस्टिमेट पुढे आले की ते आधी त्यावर ठेवून पाहावे आणि मगच त्याला हो किंवा नाही म्हणावे.

गणपती बाप्पा मोरया!